जोडफोटोतला बाप

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फोटोच्या पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव लिहिणं. त्यापलीकडं कुणी काही लिहिलेलं नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, सातवीपर्यंत शिकले. आई त्याच्याही आधी थांबली. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मीच, आणि तोही रोज जीपनं केजला जाऊन-येऊन बी.ए. करणारा. वर्गात पुस्तकातले धडे वाचताना मला वाटतं की लिहिणाऱ्यांना आधीपासून माहीत असतं, आपल्याला नेमकं काय सांगायचंय. मला ते अजूनही नीट माहीत नाही. शिवाय ही हकिकत माझी नाही, दुसऱ्या एका घराची आहे. मी तिच्यात आहे, पण फक्त मानेच्या खाली. हे वाक्य आत्ता विचित्र वाटेल, त्याबद्दलही माफ करावं. माणसांची नावं कुठंच घेतलेली नाहीत.

आमचा फोटो स्टुडिओ नांदूरघाटला बाजाराच्या रस्त्यावर आहे. पुढं काउंटर, तिथं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो. मागं एक जाड पडदा, आणि पडद्यामागची खोली म्हणजे खरा स्टुडिओ. तिथं आरसा आहे, कंगवा आणि पावडरचा डबा आहे, खुंटीवर एक काळा कोट आहे. हा कोट आजूबाजूच्या गावांतल्या किती पुरुषांनी घातला असेल, सांगता येणार नाही. लग्न जुळवायला फोटो पाठवायचा असला की तोच कोट. कोट ढगळ होत असेल तर आई मागून पिना लावते आणि माणसाला सांगते, फोटो होईपर्यंत श्वास जपून घ्या.

पण आमच्याकडं जास्त येतात ती लेकरं. जावळ काढायच्या आधी एक फोटो, काढल्यावर एक. पहिला वाढदिवस. कृष्णाचा मुकुट आम्ही ठेवलेला आहे, त्याचं मोरपीस दरवर्षी बदलावं लागतं, कारण लेकरं ते तोंडात घालतात. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तरी लोक का येतात, असं मी एकदा अप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले की मोबाइलातला फोटो मोबाइलातच ऱ्हातो, भिंतीवर लागतो त्यो आपला.

कॅमेरा अप्पांचा आणि लेकरू आईचं, अशी वाटणी आहे. आई कॅमेऱ्याला हातसुद्धा लावत नाही. ती अप्पांच्या खांद्यामागं उभी राहते, हातात हरभरे घातलेला स्टीलचा डबा घेऊन. डबा वाजवते, पदरात तोंड लपवते, लेकराच्या मामाची नक्कल करते. लेकरू तिच्याकडं बघून हसतं आणि अप्पा बटण दाबतात. म्हणजे आमच्या गावातल्या भिंतींवरची बहुतेक लेकरं माझ्या आईकडं बघून हसलेली आहेत. घरची माणसं म्हणतात, बघा कसं आपल्याकडं बघून हसतंय. कॉलेजात गेल्यापासून मला अशा गोष्टींचा विचार करायची सवय लागली आहे. तिचा उपयोग काय, ते अजून कळलेलं नाही.

आता जोडफोटोचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आमच्याकडं प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी लांब असतं. कुणी ऊसतोडीला गेलेलं, कुणी पुण्यात कंपनीत, कुणी फौजेत. घरच्यांना सगळ्यांचा एकत्र फोटो पाहिजे असतो आणि सगळे एकत्र कधीच नसतात. मग जो नाही त्याचा जुना फोटो घेऊन त्याला बाकीच्यांच्या शेजारी उभं करायचं. अप्पा तरुणपणी कडा गावात एका फोटोवाल्याच्या हाताखाली शिकले, तेव्हा हे काम कात्रीनं आणि डिंकानं व्हायचं. आता कॉम्प्युटरवर होतं आणि ते मी करतो.

जोडफोटोचं गिऱ्हाईक आलं की अप्पा पहिला प्रश्न विचारतात, "माणूस हाय, का गेला?" ऐकायला हे कठोर वाटतं, पण कुणी रागावत नाही. गेलेला असेल तर मागं फिकट निळा रंग, फोटो छातीपर्यंत, घरच्यांची इच्छा असेल तर कपाळाला गंध. जिवंत असेल तर मात्र अख्खा माणूस लागतो, जमिनीवर उभा. हा अप्पांचा स्वतःचा नियम आहे, दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत मी तो पाहिलेला नाही. "जित्या माणसाला पाय पाहिजेत," ते म्हणतात. "पाय न्हाईत तर त्यो घरी येईल कशानं?" म्हणताना हसतात, पण हा नियम त्यांनी मोडलेला मी बघितला नाही.

मागच्या दिवाळीनंतर, उसाला जाणारी माणसं निघून गेल्यामुळं बाजार मोकळा मोकळा झाला होता, तेव्हा एका वस्तीवरची सासू आणि सून दुकानात आल्या. सुनेच्या कडेवर वर्ष-सव्वा वर्षाची पोरगी, जावळ अजून तसंच, डोळ्यांवर येणारं. सासू काउंटरपाशी आली, सून पडद्याजवळच थांबली. सासूनं कॅरीबॅगमधून एक पासपोर्ट फोटो काढून ठेवला आणि म्हणाली, ह्याला घेऊन घरच्यांचा फोटो करायचाय.

अप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

सासूनं काउंटरवरचा फोटो उगीच सरळ केला. मागून सून म्हणाली, "हाय."

"हायच म्हणायचं," सासू म्हणाली.

मग हळूहळू सगळं कळलं. तिचा मुलगा बोअर मारायच्या गाडीवर कामाला तमिळनाडूकडं गेला होता. सून तेव्हा गरोदर होती. पोरगी झाल्याचं त्याला फोनवरच कळलं. अधूनमधून व्हिडिओ कॉल व्हायचा, पण तिकडं रेंज धड नसायची आणि पोरगी तर फोन ओढून नुसतं छतच दाखवायची. पोळ्यापासून फोन बंद होता. गाडीच्या मालकाला विचारलं तर तो म्हणे, काम सोडून गेला, कुठं गेला माहीत नाही. वस्तीवर लोक काय काय बोलत होते. कुणी म्हणे तिकडं दुसरं घर केलं, आणि कुणी त्याहून वाईट म्हणे. सासू हे सांगत होती तेव्हा सून पोरीच्या कानातला डूल फिरवत उभी होती. आई तिच्याजवळ गेली, तेव्हा ती आईला म्हणाली, "पोरीला बाप दाखवायचाय. आले म्हंजी हिनं वळखावं त्येंला. परका म्हणून भिऊन रडू नये."

एवढंच तिचं म्हणणं होतं. तो येईल की नाही, याबद्दल ती बोललीच नाही.

अडचण अशी होती की फोटो छातीपर्यंतचा. लग्नातला एखादा उभा फोटो आहे का, असं मी विचारलं. होता, पण त्यात फेटा आणि मुंडावळ्या. सासू म्हणाली, मुंडावळ्या बांधून लेकीला कडेवर घेतलेला बाप कुठं बघितलाय का? पहिल्यांदाच ती जरा हसली. अप्पांनी थोडा विचार केला आणि त्याचे कपडे आणायला सांगितलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्या शर्ट, पँट आणि चपला घेऊन आल्या. शर्ट गादीखाली दाबून सुरकुत्या काढलेला. अप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं, हा उभा राहील म्हणाले. सासूनं मला वरून खाली बघितलं. "आमचा खांद्यात भरलेला हाय. ही तर वाळकी काडी." आईनं शर्टाच्या आतून माझ्या दोन्ही खांद्यांवर टॉवेलच्या घड्या ठेवल्या. शर्टाला पेटीतल्या डांबरगोळीचा वास होता. चपला मला मोठ्या झाल्या.

सून माझ्या शेजारी उभी राहणं शक्यच नव्हतं, ते कुणी बोलूनही दाखवलं नाही. मी बाहेर काउंटरवर थांबलो आणि आत सासू-सुनेचा फोटो झाला, मध्ये एका माणसाची जागा सोडून. नंतर तो फोटो कॉम्प्युटरवर बघताना माझ्या लक्षात आलं की सुनेनं जागा बरोबर सोडली होती. सासूदेखत नवऱ्याशेजारी उभं राहताना जेवढं अंतर ठेवतात तेवढंच. त्या रिकाम्या जागेकडं ती किंचित झुकली होती. अप्पांनी तिला झुकायला सांगितलं नव्हतं.

मग मला आत बोलावलं आणि पोरीला माझ्या कडेवर दिलं. ती लगेच रडायला लागली. आईचा डबा झाला, मामाची नक्कल झाली, काही उपयोग झाला नाही. मला लेकरू धरायचं कसं तेही येत नव्हतं, आईनंच माझा हात तिच्या पायांखाली नीट लावला. पडद्याजवळून तिची आई म्हणायला लागली, "बाबा बघ, बाबा. बाबा कुठंय? त्ये बघ."

पोरगी आधी आपल्या आईकडं वळली. मग रडता रडता थांबून तिनं मान वर केली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. इतक्या जवळून माझ्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. काय करावं ते मला कळेना, म्हणून मी समोर कॅमेऱ्याकडं बघत राहिलो. अप्पांनी बटण दाबलं. नंतर ती डब्याला भुलून हसली, तेही फोटो झाले. ते चांगले होते. पण सासूनं सगळे बघून बोट ठेवलं ते मान वर केलेल्या फोटोवर. म्हणाली, हाच. बापाकडं बघती हाय.

ते काम मी चार-पाच वेळा मोडून पुन्हा केलं. पासपोर्ट फोटोत कुणी हसत नाही, त्यामुळं त्याचा चेहरा फार गंभीर होता. त्यातला प्रकाश डावीकडून, आमचा उजवीकडून. मानेचा रंग जुळवला, माझ्या मनगटावरचा दोरा काढला. खांद्यांचं टॉवेलनं भागलं होतं. हात मात्र माझेच राहिले, वही-पेन धरणारे, बोअरच्या पायपांची सवय नसलेले. मला अवघडल्यासारखं झालं. मी अप्पांना म्हणालो की हे खोटं नाही का? उद्या ती पोरगी मोठी होईल, तिला वाटेल बापानं आपल्याला कडेवर घेतलं होतं.

अप्पा लेन्स पुसत होते. "खोटं काय सांगतोय आपण तिला? तिचा बाप त्योच हाय. हात तेवढे उसने." आणि पुसत राहिले.

फोटो फ्रेम करून दिला. त्यांनी तो साडीत गुंडाळून नेला.

त्यानंतरच्या बातम्या मला जीपमधून कळत गेल्या. मी ज्या जीपनं केजला जातो तिचा ड्रायव्हर त्याच वस्तीवरचा, नात्यानं सासूचा पुतण्या. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा, तोंडाचा फटकळ. त्यानं सांगितलं की फोटो भिंतीवर मुद्दाम खाली लावलाय, पोरीचा हात पोचेल असा. ती सकाळी उठली की तिथं जाते. जेवताना भाकरीचा तुकडा फोटोच्या तोंडाला लावते, काच सगळी वरणानं माखलेली असते. बा म्हणते. तिचा पहिला शब्द तोच झाला.

मला आतून बरं वाटत होतं, हे लपवत नाही. पण एक दिवस भरलेल्या जीपमध्ये तो मोठ्यानं म्हणाला, "काय बे, तुझ्या पोरीनं आज तुला बिस्कीट चारलं की."

लोक हसले. काहींना काही कळलं नाही, तेही हसले. मी उतरल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हटलं की असं बोलत जाऊ नकोस. तो म्हणाला, हात तर तुझेच हायेत ना बे. मग माझं तोंड बघून त्याचाच चेहरा उतरला. सासूच्या, सुनेच्या कानावर ते गेलं असतं तर काय झालं असतं, हे त्याला माझ्याहून जास्त कळत होतं, घरचाच होता तो. पुन्हा कधी तसं बोलला नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी सासू एकटीच दुकानात आली. फोटो काढायचा नव्हता. पदराला बांधलेले तिळाचे लाडू तिनं काउंटरवर सोडले आणि बसली. मुलगा सापडला होता. केजकडचाच एक पोरगा दुसऱ्या बोअरच्या गाडीवर होता, त्याला तो तिकडं एका डिझेल पंपावर भेटला. मुलगा काविळीनं पडला होता, म्हणून गाडीवरचं काम सुटलं. सोबतच्या एका माणसानं त्याला स्वतःच्या गावी नेऊन ठेवलं. मोबाइल हरवला, आणि नंबर एकही पाठ नव्हता. बरा झाल्यावर कुणाच्या तरी हाती निरोप धाडता आला असता, पण तोवर इतके दिवस गेले होते की कोणत्या तोंडानं बोलावं, असं त्याला झालं होतं. हे सगळं तिला पटलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. ती सांगत होती तसं लिहिलंय.

त्या पोरानं फोन लावून दिला, बोलणं झालं. इकडून जीपवाल्या पुतण्यानं आमचा जोडफोटो त्या फोनवर पाठवला. तो बघून मुलगा बायकोला म्हणाला, शर्ट माझा हाय, पण पोरीला घेतलंय कुणी?

सासू हे सांगताना पदर तोंडाला लावून हसत होती. आईनं विचारलं, मग सून काय म्हणाली?

"म्हनली, तुमीच की."

लाडू सगळ्यांच्या आधी अप्पांनी खाल्ला.

तो आला ते माघाच्या शेवटी. जीपवाल्यानं सकाळीच सांगितलं, रात्रीच्या एसटीनं आला. मी विचारलं, पोरगी? तो पुढचं गिऱ्हाईक घ्यायला उतरला. केज येईस्तोवर मी पुन्हा विचारलं नाही. मी उतरताना तोच म्हणाला, पोरगी जात नाही त्याच्याकडं. दाढी वाढलेला, वाळलेला, डोळे अजून पिवळट. त्याला बघून ओरडली आणि पळत फोटोपाशी गेली. फोटोला धरून रडत होती.

त्या दिवशी वर्गात मला काही ऐकू आलं नाही. तिनं परका म्हणून रडू नये, एवढ्यासाठी तो फोटो केला होता. आता पोरीला बाप होता, भिंतीवर, तिच्या हाताला येईल असा, रोज भाकरी खाणारा. आणि दारात आलेला माणूस परका होता. आम्ही फोटो केला नसता तर तिला कुणीच बाप नसता आणि ती दोन दिवसांत या माणसाकडं गेली असती, असं मला वाटायला लागलं. घरी आल्यावर मी हे बोललो. अप्पा म्हणाले की दाढी काढली का त्यानं, ते विचार.

दाढी त्यानं दुसऱ्याच दिवशी काढली होती. तरी नाही. मग तो फोटोतला शर्ट घालून बसला, तो त्याला आता ढगळ होत होता. तरीही नाही. जीपवाला म्हणाला की तो फोटोखाली जाऊन बसतो, अगदी खाली, भिंतीला टेकून, आणि पोरगी दारातून एकदा वर बघते, एकदा खाली बघते आणि आजीच्या मागं जाते. सून म्हणाली होती की फोटो काढून पेटीत ठेवू. सासू नको म्हणाली. त्याचं म्हणणं कुणी विचारलं नाही, विचारलं असतं तरी तो बोलला नसता. आल्यापासून तो कमीच बोलतो, असं कळलं.

दुकानात रोज लेकरं येत होती. एका रडणाऱ्या लेकराला घेऊन एक बाप आला आणि हसत नाही म्हणून त्याच्यावर चिडला. आईनं त्याला बाहेर बसवलं. नंतर मी तिला त्या पोरीचं सांगितलं, तेव्हा डब्यातले हरभरे बदलता बदलता ती म्हणाली, "लेकरू हाय त्ये, फोटो न्हाई. जोडून जुळत नसतं. गप बसा म्हणावं सगळ्यांनी."

मी तसं जीपवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, सगळे गपच तर हायेत.

मग परीक्षा आली. तरी मी रोज सकाळी ड्रायव्हरच्या शेजारची जागा धरायचो आणि तो मी न विचारताच नाही अशी मान हलवायचा. कधी कधी मला त्या माणसाला भेटावंसं वाटायचं, आणि जास्त वेळा वाटायचं की तो दुकानात येऊ नये. काय बोललो असतो मी? तुमचा शर्ट मी घातला होता, एवढंच. तो आलाही नाही.

शेवटचा पेपर होता त्या सकाळी जीप थांबली, तेव्हा ड्रायव्हरनं दार आतून उघडून दिलं. असं तो कधी करत नाही. मी बसलो. त्यानं गाडी लगेच काढली नाही.

"गेली," तो म्हणाला.

मी विचारलं, कुठं?

"त्याच्याकडं, दुसरं कुठं? काल. त्यो आपला शेळीला पाला टाकत होता, पाठमोरा. ही घरातून आली आन् पडली त्याच्या पाठीवर. त्यानं मागं वळूनबी बघितलं न्हाई, तसाच पाला टाकत ऱ्हायला, ती पाठीवर. का म्हून गेली, कुणाला म्हाईत."